जावेचं दूध

खोपोली

घाट उतरताना आमची एसटी ढगात शिरली. खिडकीबाहेर काहीच उरलं नाही. झाड नाही, कठडा नाही, पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा. बस पुढं जातेय की जागीच तरंगतेय हे कळेना. कंडक्टर पेंगत होता. मग एका वळणावर ढग संपला आणि खाली खूप खोल खोपोली दिसली. कारखान्यांची धुराडी, पत्र्यांची छपरं, डोंगरावरून उतरलेले वीजघराचे जाड पाइप आणि त्यांच्या पायथ्याशी चकाकणारं पाणी. आमच्या करमाळ्याकडं दिवाळीच्या सुमाराला माळ तपकिरी पडायला लागतो. इथं सगळं हिरव्याकडून पिवळ्याकडं निघालं होतं, तेही अगदी सावकाश.

मी का गेले ते आधी सांगते. घाटावरच्या एका प्रयोगशाळेत मी एचआयव्हीच्या विषाणूवर काम करते. वडील बाजार समितीत हमाल, आई शाळेत खिचडी शिजवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शिष्यवृत्ती मिळाली, चांगले शिक्षक मिळाले, म्हणून इथवर आले, आणि हे मी विसरत नाही. पण इतकी वर्षं काम करूनही या आजाराचं एकही माणूस मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडं यायच्या त्या बर्फातल्या छोट्या नळ्या, त्यांवर नाव नाही, फक्त क्रमांक. आमच्या मार्गदर्शक बाई एक दिवस म्हणाल्या, "सुनीता, या नळ्या जिथून निघतात तो रस्ता एकदा पायानं चालून ये."

खोपोलीच्या स्टँडवर शैलाताई उभ्या होत्या. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात त्या समुपदेशक आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, कर्जत गावातल्या जुन्या शिक्षक-वकिलांच्या घरातल्या. खांद्याला पिशवी आणि हातात लोंबता वजनकाटा, त्याला बाळ ठेवायची कापडाची झोळी.

"हा माझा परवाना," काटा वर करून त्या म्हणाल्या. "वाडीत मी एचआयव्हीची बाई म्हणून गेले, तर ज्या घरात शिरेन ते घर बाद. म्हणून मी सगळ्यांच्याच पोरांची वजनं करते. मला तिकडं वजनवाली बाय म्हणतात. आता तूही वजनवालीच."

दिवाळी झाली की डोंगराकडेच्या वाड्यांमधली निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. त्याआधी आपल्या नोंदीतल्या आयांना गाठायचं, गोळ्या पुरेशा देऊन ठेवायच्या, बाळांच्या तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्यायच्या, असं त्यांचं दर वर्षीचं काम. या वेळी त्यांच्यासोबत मी.

चहा पिऊन आम्ही जरा पाण्याकडेला बसलो. डोंगरावर वीज बनवून सुटलेलं पाणी खाली येतं आणि पाताळगंगा होऊन वाहू लागतं. आमच्या सीना नदीला पाणी आलं तर ती बातमी असते. इथं नदी अशी रोज येते, एखाद्या नोकरदार बाईसारखी. पाण्यावर धुक्याचे तुकडे सरकत होते आणि शैलाताईंचा आवाजही मला त्या धुक्यातूनच आल्यासारखा वाटला.

"तुम्ही त्या नळ्यांत शोधता तरी काय गं?"

मी म्हणाले, "ताई, हा विषाणू एखाद्याच्या अंगात वर्षानुवर्षं राहिला की त्याची असंख्य रूपं होतात. रोज थोडा बदलतो. आत जत्राच भरते म्हणा. पण तो दुसऱ्याच्या अंगात जातो तेव्हा जत्रा जात नाही. बहुतेक वेळा एकटाच जातो. नव्यानं लागण झालेल्याच्या रक्तातले विषाणू पाहिले तर सगळे एका आडनावाचे निघतात. मग मागं मागं जात आम्ही तो पहिला शोधतो. त्या कुळाचा मूळपुरुष."

"म्हणजे जत्रेतला सगळ्यात दांडगा."

"तेच तर कोडं आहे. दांडगाच असतो असं नाही. पेशीला आत शिरायची दारं असतात. हा जवळजवळ नेहमी एकाच ठरावीक दारानं येतो, दुसरं दार उघडणारे मागं राहतात. आपल्याकडं जो प्रकार जास्त सापडतो, त्यात या पहिल्याच्या अंगावर साखरेचं पांघरूणही जरा तोकडं असतं, असं पुष्कळदा दिसलंय. शरीर पहिल्या दिवशी जी धोक्याची हाक देतं तिला तो कमी दबतो, असं काहींना आढळलं, काहींना नाही. आईकडून बाळाला जातो तो बऱ्याचदा आईच्या प्रतिपिंडांना चुकवणारा असतो."

"मग ठरवतं कोण, कुणी जायचं ते?"

"थोडे गुण, थोडं नुसतं नशीब. किती कशाचं, यावर अजून भांडणं आहेत."

"लग्नासारखंच झालं की," शैलाताई म्हणाल्या आणि पदर झटकून उठल्या.

कर्जत, पोशीर

मुक्काम शैलाताईंकडं होता. त्यांचे यजमान गणिताचे निवृत्त मास्तर. स्वयंपाक तेच करतात, कारण ताई कधी उगवतील याचं गणित त्यांना आजवर सुटलेलं नाही, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी वालाचं बिरडं केलं होतं आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडं भाकरी म्हणजे ज्वारीची, तिचा आवाज येतो, तिला पापुद्रा असतो. ही मऊ, पांढरी, कापडाची घडी असावी तशी. मी ती दोन्ही हातांनी मोडली. मास्तर म्हणाले, "हळू. ती पळून जात नाही."

सकाळी आम्ही पोशीरकडं निघालो. तिथल्या दोन घरी वजनं करायची होती. भात कापणीला आलेलं, काही शेतांत कापून आडवं पडलेलं. त्याचा वास मला आधी ओळखता आला नाही. गवताचा म्हणावा तर त्यात गोडवा होता, गोड म्हणावं तर त्यात ओल होती. माथेरानचा डोंगर अर्धाच दिसत होता, वरचा भाग पुसलेला. बांधावरून चालताना पुढं शैलाताई, मागं मी, आणि आमच्या पायांचा आवाज सोडला तर सगळीकडं एक प्रकारची झोप पसरलेली. शेतातल्या बाया वाकलेल्या होत्या, विळे चालत होते, तरी हे सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं.

आपल्या पायाकडं न बघता असं वाटून घेण्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. माझा उजवा पाय बांधावरून घसरला आणि गुडघ्याइतका चिखलात गेला. पाय निघाला, बूट आतच राहिला. दोन बायांनी विळे ठेवून तो उपसून काढला. एकीनं तो पालथा करून पाणी ओतलं आणि आत बोट घालून पाहिलं. "मासा नाय गं घावला," ती दुसरीला म्हणाली. त्यानंतरचा सगळा दिवस मी एक पाय फचफच वाजवत चालले.

कळंबच्या पुढं

कळंबपर्यंत आम्ही मिनीडोरनं गेलो. मिनीडोर म्हणजे मागं समोरासमोर बाकं असलेली मोठी रिक्षा. ती भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय हे फक्त चालकाला ठाऊक असतं. पुढं चालत. रिसॉर्टच्या पाट्या संपल्या, रस्ता लाल झाला, मग पायवाट झाला. या वाडीचं नाव मी लिहिणार नाही, आणि पुढं येणाऱ्या दोघींची नावंही बदलली आहेत. त्यांनी मला तसं सांगितलं नव्हतं, पण सांगायला लागू नये.

ठाकर आदिवासींची वाडी. कुडाची घरं, काही आता विटांची. अंगण सारवलेलं, त्यावर भात वाळत घातलेला, कोंबड्यांना हाकलायला एक लांब काठी टेकवून ठेवलेली. ढग इतके खाली होते की घरांचा धूर वर गेल्यावर कुठं थांबतो आणि ढग कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं.

आम्ही ज्या घरी बसलो तिथं दोन भाऊ राहतात, त्यांच्या बायका पारू आणि हिरा, आणि सासू. पारू शैलाताईंच्या नोंदीतली. तिचा नवरा बोअरवेलच्या गाडीवर वर्षानुवर्षं बाहेर असायचा. दोघांनाही हा आजार असल्याचं ती गरोदर असताना कळलं. दोघं नेमानं गोळ्या घेतात. पारूच्या रक्तातला विषाणू आता तपासणीत सापडणार नाही इतका कमी आहे, आणि तिचा मुलगा, आता रांगणारा, आजवरच्या तपासण्यांत निरोगी निघालाय. घरात हे त्या दोघांपलीकडं कुणालाच माहीत नव्हतं. सासूला वाटायचं, सुनेच्या गोळ्या रक्तवाढीच्या.

जाऊ हिरा नुकतीच मोठ्या तापातून उठली होती. गालफडं बसलेली, पण जीभ शाबूत. माझ्या बुटाकडं बघून म्हणाली, "शिकलेल्या पायाला चिकल जास्त धरतो वाटतं." तिची मुलगी पाच महिन्यांची, डोळे मिटून हसणारी.

इथं सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात. सासू शैलाताईंना तू, हिरा मला तू. पहिल्यांदा कानाला टोचलं, मग बरं वाटू लागलं. शिक्षण झाल्यापासून माझी आईसुद्धा चारचौघांत मला 'अहो मॅडम' म्हणून चिडवते.

चहा आला तो कोरा. दारात गाय बांधलेली, तिला वासरू लुचत होतं. मी सहज विचारलं, "गाय आहे, मग दुधाचा चहा का नाही करत?"

सासूनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "गायचा दूद वासराचा. आमी काय वासरं हाव?"

"आमच्याकडं पितात. विकतातसुद्धा."

"मंग तुमचा वासरू काय पितं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. वडिलांच्या घरी दोन म्हशी होत्या. रेडकाला किती सोडायचं आणि कधी ओढून बांधायचं हे मला लहानपणापासून पाठ आहे. नुसतं बोलणं चालू ठेवायचं म्हणून मी विचारलं, "पण एखाद्या बाळाची आईच आजारी पडली तर?"

"वाडीत बाया काय कमी हाईत?" सासू म्हणाली. "आता हीच हिरा. ताप डोक्यात गेला, आठवडाभर दवाखान्यात. पोरीला पारूनंच पाजली ना. दोनी आंगाला दोन पोरं, वाघीन बसलेली जशी."

शैलाताईंच्या हातात काटा होता आणि झोळीत एक शेजारचं मूल. काटा हलायचा थांबला. मूल रडायला लागलं तरी त्या आकडा वाचत नव्हत्या. मी पारूकडं पाहिलं. ती हसत होती. शैलाताई शाबासकी देतील म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र हळूहळू बदलले.

"पारू," शैलाताई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "झोळी ओली झाली गं. ओढ्यावर धुवायला चल जरा."

ओढा खाली करवंदीच्या जाळीआड होता. पाणी दगडांवरून इतकं हळू जात होतं की ते आपल्या बोलण्यासाठी थांबलंय असं वाटावं. शैलाताई झोळी पाण्यात बुडवून तशाच बसल्या.

"तू हिराच्या पोरीला पाजलंस?"

"पाजलं."

"का गं? तिच्या नवऱ्यानं पावडरचा डबा आणला नव्हता?"

"आणला व्हता. तसाच पडलाय. मी नाय फोडला." पारूचा आवाज चढला. "तूच सांगला होतास ना ताई, दोन दुदं मिसलायची नाय? वरचा दूद आतडं खरवडतो आन तिथून रोग शिरतो. आईचा तर आईचाच, सा म्हयने. पोरगी हिराच्या दुदावर व्हती. मी तिला डब्याचा कशी देऊ?"

शैलाताईंनी डोळे मिटले. हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं, आणि ते बरोबरच आहे. ज्या आईला हा आजार आहे तिनं आपल्या बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं द्यायचं, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. कारण बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावलं की विषाणूला वाट मिळते. पारूनं तो नियम शब्दान् शब्द जपला होता. फक्त तो नियम तिच्या स्वतःच्या बाळासाठी होता हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तसं सांगावं लागेल असं कुणाला सुचलं नव्हतं.

"अगं, ते तुझ्या पोराबद्दल होतं," शैलाताई म्हणाल्या.

"पोर ते पोर," पारू म्हणाली. आणि मग तिला समजलं. ती होती तिथंच बसली, तिचे पाय पाण्यात गेले. "माज्या दुदात हाय का तो?"

शैलाताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पारूच्या शेजारी बसले, मी याच रोगाचं शिकलेय हे सांगितलं. मी तिला सांगितलं की तिच्या अंगात तो आहे, पण गोळ्यांनी दडपलेला, झोपलेला. दुधात उतरला असेल तर अगदी विरळा. आणि तो भरपूर असतो तेव्हासुद्धा पलीकडच्या अंगात रुजणं त्याला सोपं नसतं, बहुतेक सगळे वाटेतच मरतात, एखादाच पोचतो. तुझ्या बाबतीत तर वाटेला लागायलाच कुणी नाही म्हणता येईल. धोका फार फार कमी आहे. बोलता बोलता मला पडद्यावरची विषाणूच्या जनुकांची ती अक्षरं दिसत होती, मी वर्षानुवर्षं जुळवलेली, आणि त्यांच्या मागं पहिल्यांदाच पाय पाण्यात सोडलेली एक बाई.

"कमी म्हंजे नाय का?"

"नाही म्हणता येत नाही."

टेकाडावर चढून शैलाताईंनी डॉक्टरांना फोन लावला, रेंज तिथंच मिळते. उत्तर आम्हाला वाटलं तेच आलं. हिराच्या मुलीला औषध सुरू करायची वेळ निघून गेली होती. आता तपासणी. एक लगेच, एक शेवटच्या पाजण्यानंतर दीड महिना उलटल्यावर. म्हणजे सगळे भट्टीवर गेल्यावर. आणि आईला सांगितल्याशिवाय बाळाच्या टाचेला सुई लावता येत नाही.

"तुझ्या परवानगीशिवाय मी तुझं नाव काढणार नाही," खाली येऊन शैलाताई पारूला म्हणाल्या. "पण ती पोर तपासल्याशिवायही मी राहणार नाही. आता कसं करायचं ते तू बोल."

पारू बराच वेळ झोळी पिळत राहिली. तिच्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"मीच सांगन," ती म्हणाली. "तुज्या तोंडानं आयकला तर तिला वाटंल मी लपवत व्हते."

"लपवत होतीसच की गं."

"व्हय. पन सासूपासून. तिच्यापासून नाय. तिनं कवा इचारलाच नाय."

खळं

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत आलो. सासू आणि पुरुष गवत आणायला वर गेले होते. खळ्यावर झोडणी चालली होती. पारू आणि हिरा फळीच्या दोन बाजूंना उभ्या राहून भाताची पेंढी डोक्यावरून घेऊन आपटत होत्या, एकीची खाली येताना दुसरीची वर. दाणे उडत होते, धुक्यात तूस तरंगत होतं आणि त्यातून कोवळं ऊन गाळून येत होतं. दोन्ही पोरं गोधडीवर. शैलाताईंनी मला बांधावरच थांबवलं. "इथंच बस. ती सांगेल तेव्हा सांगेल."

आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. फक्त पेंढ्यांचा आवाज, धप, धप, आणि त्यात पारूचे हलणारे ओठ. मी तो आवाज ऐकता ऐकता कुठंतरी गेले. मला वाटत राहिलं की हा आवाज आहे तोवर काही बिघडलेलं नाही. मग एक धप चुकला. हिराची पेंढी वरच राहिली होती. तिनं पारूकडं पाहिलं, मग गोधडीकडं. पेंढी खाली आली ती इतक्या जोरात की बंध तुटून काड्या विखुरल्या. पुढची पेंढी तिनं घेतली नाही. ती गोधडीकडं गेली, आपली मुलगी उचलली आणि सरळ आमच्याकडं आली.

"माजी पोर मरंल का?"

"नाही," शैलाताई म्हणाल्या. "ऐक, बस आधी."

"मी नाय बसायची. ही बोलंल." तिनं माझ्याकडं हनुवटी केली. "ही त्या रोगाचा शिकली ना? बोल. माज्या पोरीला झाला का?"

मी म्हणाले, "बहुतेक नाही. पारूच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून..."

"बहुतेक नको. शून्य बोल."

शून्य माझ्या जिभेवर आलं होतं. बोलले असते तर तिनं विश्वास ठेवला असता, आणि फार करून ते खरंही ठरलं असतं. हिरानं मुलीला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरायला लागली.

"शून्य नाही बोलता येत," मी म्हणाले. "खूप कमी बोलता येतं. तपासलं की सांगता येईल."

"मंग कशाला शिकलीस?"

मागं पारू खळ्यावर तशीच उभी होती, हातात पेंढी. तिचा मुलगा रांगत तिच्या पायाशी येऊन उभं राहू पाहत होता, पण तिनं त्याला उचललं नाही. मला वाटतं, हिराच्या समोर आपलं पोर उचलायचीही तिला लाज वाटत होती.

शैलाताईंनी हिराला सगळं सावकाश सांगितलं. दोन तपासण्या. त्यांच्यामध्ये भट्टीचा हंगाम. भट्टी लांब, तिथून येणं होणार नाही. आणि हे वाडीत पसरलं तर पारूला इथं राहता येणार नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. "ते तुझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या.

हिरा डोंगराकडं बघत उभी राहिली, म्हणजे डोंगर होता त्या पांढऱ्याकडं. मग वळून पारूला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "मी नाय जायाची भट्टीवर. आन हीबी नाय जायाची. माज्या डोल्यांसमोर रावायची, पोरीचा कलंस्तवर."

"घरात काय सांगशील?" शैलाताईंनी विचारलं.

"सांगन माजा ताप गेला नाय. पानी शेंदाया बाई लागंल. खोटा हाय का?" मग पारूकडं बोट करून, "आन माज्या पोरीला हात लावायचा नाय तू. समजला?"

पारूनं मान हलवली. हिरा मुलीला पाठीशी बांधून खळ्यावर गेली आणि पेंढी उचलली. पारूनंही उचलली. धप, धप पुन्हा सुरू झालं. आम्ही तिथून निघालो तेव्हा त्या दोघी एकमेकींकडं न बघता झोडत होत्या, आणि तरी एकदाही त्यांच्या पेंढ्या एकमेकींना आपटल्या नाहीत.

त्याच दिवशी दुपारी हिरा मुलीला घेऊन कर्जतला आली. टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतले आणि तो कागद वाळत ठेवला. मी प्रयोगशाळेत असे कागद हाताळलेत, पण थेंब वाळताना कधी पाहिला नव्हता. आधी चमकतो, मग कडेपासून काळवंडत आत येतो. हिराही तेच बघत होती.

पुन्हा कर्जत

पहिला निकाल चांगला आला. पण तो पुरेसा नव्हता. दुसऱ्या तपासणीचा कागद गेल्याचं शैलाताईंनी कळवलं, आणि निकाल यायच्या दिवसांत मी रजा काढून परत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मार्गदर्शक बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले की रस्ता अर्धाच चालून झालाय.

आता थंडी होती. घाटात ढग नव्हता. खाली पाणी होतं, पण हिरवं ओसरलं होतं. शेतं मोकळी, कुठं कुठं वाल उगवलेला. धुकं मात्र होतं, नदीवर, आणि कर्जतच्या छपरांवर सकाळी उशिरापर्यंत.

दोघी आल्या होत्या. पुढं हिरा, मुलगी तिच्या काखेत. खूप मागं पारू, तिचा मुलगा आता चालत होता, तिचं बोट धरून. शैलाताईंनी हळूच मला सांगितलं की हा दीड महिना वाडीत कुणाला काही कळलेलं नाही. हिरानं नवऱ्यालाही सांगितलं नाही. "मी विचारलं, कसं काय सांभाळलंस गं? तर म्हणाली, सांगला असता तर हिला हाकलली असती. मंग पानी कोन शेंदला असता?" ताईंना हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागले.

पारूची हालत काही चांगली नव्हती. ती वाळली होती. एका घरात राहून, एका चुलीवर जेवून, त्या मुलीकडं तिनं हात केला नव्हता. मुलगी रडली तर ती अंगणात जाऊन उभी राहायची, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

शैलाताईंच्या खोलीत बसायला जागा थोडी. मी बाहेर थांबत होते, तर हिरा म्हणाली, "हिला पन बसू दे. हिनं मला शून्य नाय बोललं."

शैलाताईंनी निकाल वाचला. मुलीला संसर्ग नाही. मोठी झाल्यावर खात्रीसाठी अजून एकदा बघू, पण आता निवांत झोपायचं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, कारण पहिल्यांदा कुणीच हललं नाही.

हिरानं नुसतं "बरं" म्हटलं. पारू भिंतीला टेकून उभी होती, तिनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं हिरा आता तिला काही बोलेल, चांगलं किंवा वाईट. तिनं मुलीच्या टोपीची नाडी बांधली, उठली आणि चालायला लागली.

आम्ही त्यांना मिनीडोरपर्यंत सोडायला गेलो. ऊन वर आलं होतं, धुकं निघत होतं, स्टेशनासमोर वड्यांचा वास दरवळत होता. हिरा पुढं, पारू मागं, मुलाचं बोट धरून. गाडी जवळजवळ भरलेली. मागं चढायची पायरी उंच आणि आत धरायला एक दांडी. हिरानं एका हातानं दांडी धरून पाहिली, जमेना. मुलगी सावरत पुन्हा पाहिलं. आत बसलेली एक म्हातारी मुलीला घ्यायला हात पुढं करत होती. हिरानं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. ती वळली.

"धर गं हिला," ती पारूला म्हणाली. "मला चढू दे."

पारूचे हात लगेच पुढं आले नाहीत. ती आधी शैलाताईंकडं पाहू लागली, मग माझ्याकडं.

"बघतीस काय? गाडी सुटंल."

पारूनं मुलाचं बोट सोडलं आणि मुलगी घेतली. हिरा दांडी धरून चढली, पारूच्या मुलाला बगलेत धरून वर ओढलं आणि मांडीवर घेतलं. मग पारू चढली, मुलीला छातीशी धरून, आणि समोरच्या बाकावर कशीबशी टेकली. चालकानं अजून दोघांना आत कोंबलं. गाडी धूर सोडत हलली, बाजारातून वळून कळंबच्या रस्त्याला लागली. दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत होते. हिरानं मुलगी परत मागितली नाही.